कोयत्याचे पोलाद : इंधनबचतीच्या इतिहासातील एक गाळलेले पान

बीड जिल्ह्यात 'कोयता' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ हत्याराचा आणि दुसरा माणसांचा. 'यंदा माझ्याकडं वीस कोयते आहेत' असे मुकादम म्हणतो, तेव्हा तो हत्यारे मोजत नसतो. वीस नवरा-बायकोंच्या जोड्या मोजत असतो. उचल कोयत्यावर दिली जाते, हिशेब कोयत्यावर होतो, आणि एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर तिला 'अर्धा कोयता' म्हणतात. दसरा झाला की पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज या बालाघाटच्या पट्ट्यातून माणसांचे लोंढे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, ते या लोखंडी नावाने. त्यांच्या शोषणावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजून लिहिले पाहिजे. येथे मात्र मला त्या लोखंडाबद्दलच लिहायचे आहे. ते लोखंड कुठून आले, ते तापवताना वारा कुणी घातला, इंधन कुणाचे जळाले, आणि जे इंधन वाचले ते कुणाच्या खात्यावर जमा झाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

पोलाद उद्योगातील ऊर्जाबचत हा आज मोठ्या माणसांचा विषय झाला आहे. त्यावर परिषदा भरतात, सरकारी योजना निघतात, कारखान्यांना प्रमाणपत्रे मिळतात. या बचतीचा जो इतिहास सांगितला जातो तो भट्ट्यांचा आणि शोधकांचा इतिहास असतो. त्या इतिहासात बीड जिल्ह्याला जागा नाही. आणि बीडमधल्या ज्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या लोखंडाचा एक तुकडा वाया जाऊ दिला नाही, त्यांना तर मुळीच नाही. म्हणून हा हिशेब खालून मांडावा लागतो.

प्रथम जमिनीकडे पाहू. बीड जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. गाळून परवडेल असे लोहखनिज या पाषाणात नाही. तेव्हा बीडमध्ये लोखंड नेहमी बाहेरून आले. निजामाच्या ज्या राज्यात हा जिल्हा १९४८ पर्यंत होता, त्याच राज्याच्या पूर्वेकडच्या भागात मात्र जगभर नाव असलेले पोलाद तयार होत होते. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम् हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. हेन्री व्हॉयसी हा शल्यवैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावपर्वात तेथे गेला होता. त्याने लिहिलेली हकीकत त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापली गेली. दोन ठिकाणचे दोन जातींचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून मातीच्या बंद मुशीत घालायचे आणि कातड्याच्या भात्यांनी अखंड वारा घालत ती मूस तापवायची, अशी ती रीत. इराणातले व्यापारी हे पोलाद न्यायला तिथवर येत. दमास्कसच्या तलवारींचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत वुट्झ नावाने ज्याचा उल्लेख येतो ते हे पोलाद.

या पोलादाच्या कार्बनबद्दल, त्याच्या नागमोडी रेघांबद्दल विद्वानांनी शेकडो पाने लिहिली आहेत. ती पाने वाचताना मला एकच गोष्ट राहून राहून जाणवते. भात्याबद्दल दोन ओळी असतात, आणि भाता चालवणाऱ्याबद्दल एकही नसते. मूस तापली असे वाक्य असते. मूस आपोआप तापत नाही.

भाता म्हणजे काय? भट्टीतला कोळसा नुसता पेटवून लोखंड लाल होते, पण त्याला आकार देण्याइतके मऊ होत नाही, पोलाद होणे तर दूरच. निखाऱ्यात जोराने हवा घातली की तोच कोळसा कितीतरी अधिक उष्णता थोड्या वेळात देतो. म्हणजे इंधनाचे काम इंधन आणि वारा मिळून करतात. वारा कमी पडला की कोळसा जास्त वेळ जळतो आणि काम कमी होते. भाता चालवणाऱ्याचा दम जितका लांब, तितका कोळसा कमी. ज्याला आज आपण ऊर्जाबचत म्हणतो तिचे पहिले यंत्र भाता हेच आहे, आणि त्या यंत्राचे इंजिन माणसाचा हात किंवा पाय होता. मध्य भारतातल्या अगरिया आदिवासींत बाया भात्यावर उभ्या राहून पायांनी वारा घालत. छोटा नागपुरात लोखंड गाळणाऱ्या एका जमातीला तर असुर हेच नाव आहे. ज्यांनी देवांना शस्त्रे करून द्यायची त्यांनाच असुर म्हणायचे, ही आपल्या संस्कृतीची जुनी खोड आहे.

भात्याला कातडे लागते. कातडे मेलेल्या जनावराचे. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम महाराचे, कातडे कमावण्याचे काम ढोराचे, शिवण्याचे काम चांभाराचे. गावगाड्यात लोहार अस्पृश्य नव्हता. तो बलुतेदार होता, त्याला गावात जागा होती. पण त्याची भट्टी ज्या वाऱ्यावर जळत होती, तो वारा अस्पृश्यांनी सोललेल्या, कमावलेल्या, शिवलेल्या कातड्यातून येत होता. कातडे भाता होऊन लोहाराच्या साळेत गेले की त्याचा विटाळ संपे. ते सोलणाऱ्याचा विटाळ मात्र संपत नसे. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून आपली कुऱ्हाड परत मिळण्याची वाट पाही. निर्जीव कातड्याला जी सवलत होती ती जिवंत माणसाला नव्हती.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये बीड शहराची ओळख दोन वस्तूंनी करून दिलेली आहे. एक म्हणजे छागल, पाणी वाहून नेण्याची चामड्याची पिशवी; आणि दुसरी गुप्ती, काठीत लपवलेले पाते. चामडे आणि पोलाद. एका लहानशा दुष्काळी शहराची कीर्ती या दोन गोष्टींवर उभी होती. छागल करणारा आणि गुप्तीसाठी भाता शिवणारा हे कोणत्या जातीचे होते हे सांगायला गॅझेटियर लागत नाही. ज्या पिशवीतून सरदार पाणी पीत, ती शिवणाऱ्याला त्यांच्या विहिरीवर जाता येत नव्हते.

खनिज जवळ नाही, बीड शहराला अख्ख्या विसाव्या शतकात रेल्वे नाही, तेव्हा लोखंड बैलगाडीने यायचे आणि महाग पडायचे. त्यातून येथे एक वेगळी शिस्त तयार झाली. लोखंड टाकून द्यायचे नाही. नांगराचा फाळ झिजला की त्याला टोक वाढवून घ्यायचे. कुऱ्हाड बोथटली की तिला पुन्हा तापवून धार काढायची. विळा मोडला की त्याचे खुरपे करायचे, खुरप्याचा खिळा करायचा. या कामाला मराठीत 'शेवटणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. फाळ शेवटून आणला, कुऱ्हाड शेवटायला टाकली, असे जुनी माणसे म्हणतात. आजच्या ऊर्जाशास्त्राच्या पुस्तकात पुनर्वापर, पुनर्घडण असे जडजंबाळ शब्द असतात. आमच्या आयाबायांना त्यासाठी एक शब्द पुरत होता.

शेवटण्याचा हिशेबही पुष्कळ गावांत असा होता की लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याने द्यायचा, आणि लोहाराने अंगमेहनत आणि कसब द्यायचे. वर्षाला त्याला बलुते मिळे. म्हणजे कोळसा जेवढा कमी लागेल तेवढा फायदा शेतकऱ्याचा. लोहार जोरात भाता ओढून कोळसा वाचवी तेव्हा त्याचे बलुते वाढत नसे.

याच काळात युरोपात काय चालले होते ते पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. ग्लासगोच्या गॅस कारखान्यात काम करणाऱ्या जेम्स नील्सनने १८२८ साली एक साधी गोष्ट सांगितली : भट्टीत थंड हवा फुंकण्याऐवजी आधी तापवलेली हवा फुंका. स्कॉटलंडमधल्या क्लाइड लोखंड कारखान्यात तोवर एक टन लोखंडाला सुमारे ८ टन दगडी कोळसा लागत असे. गरम हवा सुरू केल्यावर तो ५ टनांवर आला, आणि १८३३ पर्यंत सव्वादोन टनांवर. पोलादाच्या इतिहासात इंधनबचतीचा एवढा मोठा टप्पा क्वचितच दुसरा असेल. नील्सनने पेटंट घेतले होते. त्याची रीत वापरणाऱ्याने टनामागे एक शिलिंग त्याला द्यायचा. मोठमोठ्या कारखानदारांनी पैसे बुडवायचा प्रयत्न केला तेव्हा तो कोर्टात गेला आणि जिंकला. पुढे १८५६ साली बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून नुसती हवा सोडून, वेगळे इंधन न जाळता पोलाद करून दाखवले. तोही श्रीमंत झाला. मी नील्सनचे श्रेय नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच की वाऱ्याचा भाव ठरू शकतो, वाऱ्याने वाचवलेल्या कोळशाचा वाटा मागता येतो, हे १८३० च्या सुमारास सिद्ध झाले होते. फक्त तो वाटा मागायला पेटंट लागते, कोर्ट लागते, आणि आपले नाव कागदावर असावे लागते. भात्यावर बसणाऱ्याजवळ यांतले काहीच नव्हते.

आणखी एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव केली. महाबळेश्वरच्या बाजूला लोखंड गाळणारे धावड म्हणून लोक होते. लाकडाचा कोळसा मिळेनासा झाल्यावर त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. इंग्लंडचे स्वस्त लोखंड बंदरात उतरतच होते. कोनासमुद्रम्चीही तीच गत झाली. भारतातले पोलाद विझण्याच्या मुळाशी परकी सत्ता आहे हे खरेच आहे, पण ते पोलाद ज्या रीतीने होत होते त्यात सुधारणा का झाली नाही, हा प्रश्न फक्त परक्यांना विचारून भागत नाही. ज्याच्या हाताला भट्टीची झळ लागते त्याला लिहिता येत नाही, आणि ज्याला लिहिता येते तो भट्टीजवळ जात नाही. अशा समाजात नील्सन जन्माला आला तरी तो भाताच ओढत राहणार.

आता घिसाड्यांकडे येऊ. गावाचा लोहार बलुत्यात स्थिर होता. घिसाडी किंवा गाडी लोहार हे फिरते. महाराष्ट्र सरकारच्या यादीत ते भटक्या जमातींत मोडतात. बीड जिल्ह्याच्या कोणत्याही बाजारात, आठवड्याच्या ठरल्या वारी, रस्त्याच्या कडेला जमिनीत खड्डा करून त्यांची भट्टी पेटलेली दिसते. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो आणि समोर उभी असलेली त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून त्यावर घालते. मूल पंखा फिरवते. पूर्वी कातड्याचा भाता होता. आता हाताने फिरवायचे चक्र, आणि जिथे वीज मिळते तिथे छोटा ब्लोअर. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितल्यावर आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर महारवाड्यांनी ते काम टाकले. कातड्याचे भाते नाहीसे होण्याचे ते एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही, लोखंडी पंखा सोयीचाही होता. पण गावगाड्याला फुकट मिळणारे कातडे बंद झाल्यावर यंत्राची आठवण लवकर झाली, हे समजायला फार तर्क लढवावा लागत नाही.

कोयता ज्या लोखंडाचा होतो ते साधे लोखंड चालत नाही. ऊस कठीण असतो, दिवसाला हजारो वेळा घाव बसतो, धार मुडपली तर मजुरी बुडते. म्हणून चांगला कोयता ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा करतात. ट्रकचा पाटा हे स्प्रिंगचे पोलाद असते. त्यात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज ठरावीक प्रमाणात घातलेले असते. पाटा मोडला, ट्रकच्या कामाचा राहिला नाही, की तो भंगारात येतो. कारागीर तो भंगारवाल्याकडून किलोने घेतो, छिन्नीने तोडतो, तापवतो, ठोकतो, वाक देतो आणि शेवटी धारेला पाणी देतो. पाणी किती द्यायचे, रंग कोणता आल्यावर बुडवायचे, हे तो डोळ्याने ठरवतो. जरा जास्त झाले तर पाते काचेसारखे तुटते, कमी झाले तर शिसासारखे वाकते. धातुशास्त्राच्या पदवीधराला याचे कोष्टक पाठ असते. घिसाड्याला कोष्टक नाही, पण त्याचा कोयता फडात तुटत नाही.

या कोयत्याचा ऊर्जेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आपल्या देशातल्या मोठ्या कारखान्यांत खनिजापासून एक टन पोलाद करायला सुमारे ६ ते ६.५ गिगाकॅलरी ऊर्जा लागते असे पोलाद मंत्रालय सांगत आले आहे. परदेशातील चांगल्या कारखान्यांत ती ४.५ ते ५ आहे. भंगार वितळवून पोलाद केले तर विजेच्या इंडक्शन भट्टीत टनाला साधारण ६०० युनिट लागतात. ती वीज करायला जळणारा कोळसा धरला तरी आकडा दीड गिगाकॅलरीच्या आसपास येतो, म्हणजे पाव हिस्सा. घिसाडी तर भंगार वितळवतही नाही. मोडका पाटा आहे तसा घेतो आणि फक्त मऊ होईपर्यंत तापवतो. कारखान्यातला नवा पाटा घेतला असता तरी हे तापवणे चुकले नसते. खनिज काढणे, गाळणे, ओतणे, लाटणे, हे सगळे या कोयत्यापुरते वाचले.

येथे भाबडेपणा करून चालणार नाही. घिसाड्याची उघडी भट्टी इंधनाच्या दृष्टीने फार वाईट आहे. तिची बहुतेक उष्णता आभाळात आणि उरलेली बरीचशी त्या बाईच्या तोंडावर जाते. विटांचा आडोसा आणि नीट बसवलेला पंखा एवढ्यानेही तिचा कोळसा पुष्कळ वाचेल. लोहारकामाच्या सुधारलेल्या भट्ट्यांचे नमुने संशोधन संस्थांत नसतील असे नाही. पण भटक्या माणसाला विटांची भट्टी बांधायला आधी जागा लागते, आणि जागेचा उतारा लागतो. ऊर्जाबचतीचा प्रश्न असा सरळ तहसील कचेरीत जाऊन उभा राहतो.

आता विजेकडे. ऊर्जेच्या इतिहासात आपला म्हणून ज्यावर अधिकार सांगता येईल असे एक प्रकरण आहे, आणि ते आपल्याच लोकांना फारसे माहीत नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांवर जी धोरण समिती नेमली होती तिचे ते अध्यक्ष होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी तिच्यासमोर बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्याशी जोडला. शेतीवरचा भार कमी करायचा तर उद्योग हवेत, आणि उद्योग हवेत तर वीज भरपूर आणि स्वस्त हवी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते झरियाच्या कोळसा खाणींत प्रत्यक्ष खाली उतरले. वीज ज्या कोळशापासून होते तो कोण खणतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. विजेच्या धोरणाचा अध्यक्ष खाणीत उतरतो याचा अर्थ आपण नीट समजून घेतलेला नाही. पुढे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आले, १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, राज्यांची वीज मंडळे झाली.

या साखळीची एक कडी बीड जिल्ह्यात येऊन ठेपली. परळी वैजनाथला १९७१ साली औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आधी ३० मेगावॅटचे दोन संच. १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये २१० मेगावॅटचे तीन संच आले, आणि नंतर २५० मेगावॅटचे. जुने संच आता इतिहासजमा झाले. कोळसा बाहेरून येतो. पाणी गोदावरीच्या खोऱ्यातले. राख परळीच्या परिसरातच राहते. वीज जाळ्यात जाते. जाळ्यात गेलेली वीज कुठली ते ओळखता येत नाही, पण त्या जाळ्यावर मराठवाड्यातला विजेचा सर्वांत भुकेला धंदा उभा आहे, तो शेजारच्या जालन्याचा पोलाद धंदा.

जालन्याला खनिज नाही, कोळसा नाही. आहे ते भंगार. आधी रोलिंग मिल आल्या आणि मागाहून इंडक्शन भट्ट्या. मुंबईच्या बंदरात उतरणारे परदेशी भंगार आणि गावोगावचे देशी भंगार तेथे वितळते, आणि घरांच्या स्लॅबमधली कांब होऊन बाहेर पडते. या धंद्यात भंगाराखालोखाल वीज हाच सर्वांत मोठा खर्च, म्हणून वाचवणेही आलेच. २०१६ नंतर विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, तिच्यावर वादही झाले. खरी बचत मात्र कामाच्या रीतीत आहे. भट्टी आणि रोलिंग मिल एकाच आवारात असली तर ओतलेली कांडी थंड होऊ न देता लाल असतानाच लाटता येते. ती थंड करून पुन्हा तापवायला टनामागे तीस-चाळीस लिटर फर्नेस तेल लागते, ते वाचते. लाल आहे तोवर ठोकून घ्यावे, पुन्हा ताव द्यावा लागू नये, ही घिसाड्याची पहिली शिकवण आहे. कारखान्यात ती आली तेव्हा तिला हॉट चार्जिंग हे नाव मिळाले.

दुसरी बचत भंगाराच्या निवडीत आहे. पोलाद वितळवायला शास्त्राप्रमाणे टनाला चारशेच्या आतबाहेर युनिट पुरावेत. प्रत्यक्षात सहाशे लागतात. मधल्या दोनशे युनिटांतला बराच भाग भट्टीच्या भिंतीतून आणि झाकणातून जातो, पण काही भाग कचऱ्यापायी जातो. गंज, माती, सिमेंट, रंग, हे सगळे भट्टीत गेले की तेही तापते आणि मळी होऊन बाहेर येते. स्वच्छ, दाट, एकजात भंगार गेले तर युनिट कमी पडतात. भंगारात बंद डबा किंवा ओला तुकडा गेला तर स्फोट होतो, ही भीती वेगळीच. म्हणजे भट्टीच्या आधी जो हात भंगार निवडतो, तोच हात वीज वाचवतो आणि माणसेही वाचवतो.

हा हात कुणाचा? तो रस्त्यावरून पोते घेऊन फिरणाऱ्या बाईचा आहे, हातगाडीवाल्याचा आहे, भंगाराच्या वाड्यात दिवसभर बसून पत्रा वेगळा, बीड वेगळे, पाटा वेगळा करणाऱ्या मजुराचा आहे. (ओतीव लोखंडाला आपल्याकडे 'बीड' म्हणतात. आमच्या जिल्ह्याच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही, पण बीडची बाई बीड वेचते हे वाक्य मराठीत खरे ठरते.) १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबे पुण्याला गेली, त्यांतल्या पुष्कळ बाया कचरा आणि भंगार वेचून जगल्या. त्या बहुतेक दलित. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणे हे काम आहे आणि त्यातून शहराचा आणि उद्योगाचा पैसा वाचतो, हे आकडे मांडून त्या बायांच्या संघटनेने सांगितले. त्यांना महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र मिळाले. कागदावर नाव आले. नील्सनजवळ जे होते आणि भात्यावाल्याजवळ जे नव्हते, त्याचा हा पहिला तुकडा.

दुसरा तुकडा अजून मिळालेला नाही. २०१२ पासून केंद्र सरकारची एक योजना चालत आली. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ऊर्जा खाणाऱ्या पोलाद कारखान्यांनी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त बचत केली तर त्यांना ऊर्जाबचत प्रमाणपत्रे मिळतात. एक टन तेलाएवढी ऊर्जा वाचली की एक प्रमाणपत्र. ते बाजारात विकता येते. २०२३ साली कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजनाही अधिसूचित झाली. योजना वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. कोळसा वाचलाच पाहिजे. पण मोजमाप कारखान्याच्या फाटकापासून सुरू होते. फाटकाच्या आत आलेले भंगार हा कच्चा माल. फाटकाबाहेर ते निवडले कुणी, किती श्रमाने, याची नोंद नाही. पूर्वी कोळसा वाचला तर फायदा शेतकऱ्याचा होई, बलुते मात्र तेवढेच राही. आज युनिट वाचले तर प्रमाणपत्र कारखान्याचे, आणि भंगाराचा भाव तोच.

बीडच्या दृष्टीने या बचतीला आणखी एक बाजू आहे, पाण्याची. कोळशाच्या वीज केंद्राला युनिटामागे पाणी लागते. जुन्या केंद्रांनी एका युनिटाला साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये अशी मर्यादा सरकारने २०१५ साली घातली. त्या मर्यादेनेच हिशेब केला तरी ६०० युनिटांच्या एक टन पोलादामागे २,१०० लिटर पाणी होते. पंधरा लिटरच्या १४० घागरी. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्या उन्हाळ्यांत बीडच्या वस्त्यांवर टँकर कोणत्या क्रमाने येत होता, आधी कुठे थांबत होता आणि सगळ्यात शेवटी कुठे, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. भट्टीत टनामागे शंभर युनिट वाचले तर साडेतीनशे लिटर पाणी वाचते. हे पाणी कागदावर वाचते; ते दलित वस्तीच्या नळाला यावे अशी कोणतीही योजना नाही. पण ते तिथल्या खोऱ्यातले आहे, आणि म्हणून पोलादातली बचत हा बीडच्या माणसाचा हक्काचा विषय आहे. तो फक्त इंजिनिअरांवर सोपवून भागणार नाही.

आता ऊसतोडणीची यंत्रे येऊ लागली आहेत, त्यांना सरकारी अनुदान आहे. त्या यंत्रांची पाती कारखान्यात होतात. कोयता जाईल तेव्हा 'कोयता' म्हणून मोजली जाणारी माणसे सुटतील की उघड्यावर पडतील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तूर्त दर हंगामाच्या आधी बाजारात पाट्याचे कोयते विकायला येतात. मजूर बोटाने धार पाहतो, दगडावर आपटून आवाज ऐकतो, आणि उचलीतल्या पैशातून बहुधा स्वतःच विकत घेतो. सोबत एक कानस घेतो. हंगामभर फडाच्या बांधावर बसून तो धार लावत राहतो, आणि पाते दर आठवड्याला थोडे अरुंद होत जाते. गाव परतल्यावर जे उरते ते शेवटण्याजोगे असले तर घिसाड्याकडे जाते, नसले तर भंगारवाल्याच्या काट्यावर. तिथून ते जालन्याच्या ट्रकमध्ये पडते. भंगारवाला वहीत वजन लिहितो, भाव लिहितो, तारीख लिहितो.